व्याह्यांनी शिवलेली उड्यांची गादी

माझे व्याही माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, माणूस बसतो कसा ते बघतात. धंदाच तसा, सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवायचा. पण धंदा दुकानात ठेवून माणसांत यावं की नाही? माझ्या लेकीचं त्यांच्या मुलाशी ठरत होतं तेव्हा ते पहिल्यांदा आमच्या घरी आले. मी चहाचा कप घेऊन बाहेर येते तो काय, हे गृहस्थ आमच्या सोफ्याची गादी उचलून आत कोपरापर्यंत हात घालून बसलेले.

"कोणी शिवलाय हा?" त्यांनी मला विचारलं.

"विकत आणलाय. शिवणाऱ्याचं नाव नाही विचारलं."

"नकाच विचारू. कुठं भेटला तर माझ्या तोंडून काहीतरी जायचं."

मग चहा प्यायले. लेकीला एक अक्षर विचारलं नाही. निघताना चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "मुलगी ताठ बसते." हीच त्यांची पसंती. लेक खूश झाली. मला मात्र तेव्हाच कळलं होतं की या माणसाशी आपलं कधी जमायचं नाही, आणि तेरा वर्षं झाली, जमलेलं नाही.

त्यांना सगळे सीटवालेच म्हणतात. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि त्याच्या मागे उंच भिंतीचं मोकळं अंगण. दुकानात छतापर्यंत फोमच्या लाद्या, रेक्झिनचे गुंडाळे, आणि एक शिलाईचं मशीन, जे चाललं की शेजारणीच्या फळीवरच्या कपबशा वाजतात. चिकटवायच्या सोल्यूशनचा वास घरभर. उशीला तो वास, टॉवेलला तो वास, दुधालासुद्धा. माझी विहीण होती तोवर ती सकाळी उठून आधी खिडक्या उघडायची. सहा वर्षांपूर्वी ती गेली. खिडक्या मिटल्या, आणि अंगणात तिची झाडं होती तिथं मोडक्या खुर्च्यांचे सांगाडे येऊन पडले.

अशा घरात नाती कशाला जातील? थोरली नऊ वर्षांची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी दिसली तर समजावं आजारी आहे. धाकटी सहाची, गोगी. गोगलगायीवरून. तिला जिना उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझा भात शिजतो. दोघी आजोबांकडे तासभर गेल्या की आजोबांचं एकच पालुपद चालू, "हात लावू नकोस." कात्रीला नको, खडूला नको, मशीनला तर मुळीच नको, रेक्झिनला नको, डाग पडतो. मुलींनी हात ठेवायचे कुठं, खिशात?

त्यामुळे सुट्टी लागली की मुली माझ्याकडे. सलग चार वर्षं. माझ्या घरात दोनच खोल्या आहेत, पण त्यातल्या प्रत्येक वस्तूला हात लावायची मुभा आहे. मी काही मुद्दाम त्यांना ओढून घेतलं नव्हतं. ओढून घेतलं असतं तरी लाज वाटली नसती.

या वर्षी सुट्टीच्या तीन आठवडे आधी लेकीचा फोन आला. तिचा आवाज जरा बिचकलेला. सासऱ्यांना ती बाबाच म्हणते.

"आई, बाबांनी मुली मागितल्यात."

"म्हणजे?"

"म्हणाले, एक सुट्टी इकडे पाठव. मान खाली घालून म्हणाले गं. मला नाही म्हणता आलं नाही."

"तिथं जाऊन पोरी काय करणार? फोम मोजणार?"

"तेच मी म्हटलं. म्हटलं, बाबा, घर मुलींना राहण्यासारखं करा. मी सुट्टीआधीच्या शनिवारी येऊन बघते. ठीक वाटलं तर ठेवते, नाहीतर नेहमीसारख्या आईकडे."

म्हणजे परीक्षाच होती. जावई बाहेरगावी कामावर असतात, त्यांना कोणी काही विचारलं नाही. मी फोन ठेवला आणि निवांत झाले. जो माणूस कपाळावरची आठी काढू शकत नाही तो घर काय बदलणार?

पण व्याह्यांनी काय करावं? त्यांनी भिंगरीला फोन लावला आणि विचारलं, तुला अंगणात काय काय पाहिजे ते सांग. ती काय, नऊ वर्षांची. म्हणाली, ट्रॅम्पोलिन आणि मोठ्ठा कुत्रा. आणखी विचारलं असतं तर हत्तीही म्हणाली असती. दुसरा आजोबा असता तर हसला असता आणि चेंडू आणून दिला असता. यांनी कागद घेतला आणि लिहिलं: "ट्रॅम्पोलिन १. कुत्रा, मोठा, १." आणि तो कागद दुकानातल्या ऑर्डरींच्या खिळ्याला अडकवला, कोणाची चार खुर्च्यांची ऑर्डर होती तिच्या खाली.

त्याच आठवड्यात त्यांच्याकडे एक जुनं गिऱ्हाईक आलं, मोठ्या गाडीची मागची सीट घेऊन. सीट कसली, नुसत्या चिंध्या. त्या माणसाकडे वासराएवढे दोन कुत्रे होते. त्यांना तो कामावर जाताना गाडीत घेऊन जायचा आणि दिवसभर मागच्या सीटवर बांधून ठेवायचा. मग ते सीट खायचे. तिसऱ्यांदा खाल्ली होती. माणूस रडकुंडीला आलेला. म्हणाला, कोणी घेत असेल तर आज देऊन टाकतो दोघांना.

अशा वेळी माणूस "अरेरे" म्हणतो आणि विषय बदलतो. व्याह्यांनी चष्मा लावून सीट निरखली. ही हकिगत त्यांनीच मला सांगितली, आणि सांगताना चेहरा असा फुललेला की आपल्या मुलाच्या लग्नातसुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता.

"विहीणबाई, रेक्झिन गेलं, फोम गेला, पण शिवण बघाल तर एक टाका सुटलेला नाही. तीन वेळा. एवढाल्या दातांनी."

"मग?"

"मग काय? ज्यांनी माझी शिवण सोडली ते कुत्रे वाईट कसे असतील?"

एक पाहिजे होता, दोन आणले. त्यांची मूळची नावं परकी आहेत, माझ्या जिभेवर बसत नाहीत. तांबूस आहे तो धावत येऊन छातीवर पाय देतो, त्याचं नाव मी धसका ठेवलं. काळा आहे तो हातात असेल ते ओढून नेतो, तो हिसका. आठ दिवसांत व्याहीही त्यांना त्याच नावांनी हाका मारायला लागले, पण नावं कोणी ठेवली हे विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करतात. दोघांना त्यांनी गाडीच्या सीटबेल्टचे पट्टे करून घातले, बक्कलसकट. लाल बटण दाबलं की सुटतात. त्याचाही त्यांना केवढा अभिमान.

ट्रॅम्पोलिनचा सांगाडा एका बालवाडीनं टाकून दिलेला होता. लोखंडी कडं धडधाकट, स्प्रिंगा धडधाकट, मधलं कापड तेवढं उन्हानं विरलेलं. ते काळं, पातळ, सगळीकडे बारीक भोकं असलेलं कापड व्याह्यांनी दोन बोटांत धरून मला दाखवलं. मेलेली पाल धरावी तसं.

"चाळणी आहे ही. असलं लोक मुलांच्या पायाखाली घालतात."

हे मला गुरुवारी दाखवलं, परीक्षेच्या दोन दिवस आधी. त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. म्हणाले, "तुमचं मत नकोय, पण बघून जा." मत नको असलेला माणूस दोन बस बदलून दाखवायला बोलावतो का?

मी गेले. दुकानाच्या मधोमध त्यांनी शिवलेलं नवं कापड पसरलेलं होतं. कापड म्हणायचं म्हणून. खाली रेक्झिन, वर रेक्झिन, मध्ये चांगला दोन बोटं जाडीचा फोम. रंग जांभळट लाल, कडेनं पांढरी गोट, आणि मधूनमधून दाबून बसवलेली बटणं, मोठ्या साहेबांच्या खुर्चीला असतात तशी. नऊ बटणं. दोन माणसांनी उचलावी लागेल अशी गोल गादी.

"पाण्याचा थेंब आत जाणार नाही," ते म्हणाले. "आमच्या कामात थेंब आत गेला की नाव गेलं."

आता मी काही सीटवाली नाही. पण उडी मारली की खालचं कापड ताणलं पाहिजे आणि माणसाला परत वर फेकलं पाहिजे, एवढं मला कळतं. यात भोक नाही, ताण नाही, वर दोन बोटं फोम. यावर मूल उडी मारेल आणि तिथंच बसेल. दुसरंही एक मला दिसलं. अंगणात बांधलेले ते दोघे सीटा खाऊन मोठे झालेले, आणि हा माणूस त्यांच्यासमोर एवढी थोरली सीट मांडणार.

मला दोन्ही दिसलं आणि मी म्हटलं, "रंग छान आहे."

आणि दोन बस बदलून घरी आले.

शनिवारी लेक मुलींना घेऊन आली आणि मलाही बरोबर घेतलं. व्याह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कानावर खडू नव्हता. खिडक्या उघड्या. खुर्च्यांचे सांगाडे कुठं गेले कोण जाणे, अंगण झाडून लख्ख केलेलं, आणि मधोमध ते जांभळट लाल प्रकरण उन्हात चकाकत होतं. दोन्ही कुत्रे भिंतीच्या कड्यांना बांधलेले, जिभा बाहेर, शेपट्यांनी भिंत झोडपत होते.

भिंगरी धावत पुढे गेली आणि थांबली.

"आजोबा, हा सोफा आहे?"

"ट्रॅम्पोलिन आहे."

"यावर उड्या मारायच्या?"

"मार की. हात लाव, पाय लाव, काय पाहिजे ते लाव."

हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकून लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी झाडांकडे पाहिलं. झाडं नव्हतीच, पण तिकडे पाहिलं.

भिंगरी वर चढली आणि उडाली. धप. पुन्हा उडाली. धप. फोमची लादी जमिनीवर टाकल्यासारखा आवाज.

"आजोबा, हे वर टाकत नाही."

"वर कशाला टाकायला पाहिजे? पडशील."

"अहो, तेच तर असतं. आपण उडी मारायची आणि ते आपल्याला वर टाकतं."

"तुझ्या पायात जोर नाही," आजोबा म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता.

एव्हाना गोगी कडेनं हळूहळू वर चढली होती. मधोमध गेली, आडवी झाली, डोळे मिटले. "मऊ आहे," ती म्हणाली.

"बघा. हिला आवडलं," व्याही लेकीला म्हणाले. लेक हसली. तिच्या मनात दया आली होती हे मला दिसलं. आता ही हो म्हणते की काय.

तेवढ्यात भिंगरी कुत्र्यांकडे गेली होती. मुलांसमोर लाल बटण ठेवलं की मुलं काय करतात? तिनं एक दाबलं, मग दुसरंही दाबलं, दोघांना समान न्याय.

ते सुटले ते सरळ गादीवर. लेक किंचाळून धावली आणि तिनं गोगीला उचलून घेतलं, पण त्या दोघांना गोगीशी काही देणंघेणं नव्हतं. एवढी मोठी सीट, नव्या रेक्झिनचा वास, आणि वर बटणं. धसक्यानं पहिलं बटण उपटलं. हिसक्यानं त्या भोकात नाक घातलं आणि मागे सरकत सरकत हातभर रेक्झिन सोलून काढलं. मग फोमचे तुकडे उडायला लागले. भिंगरी आनंदानं नाचत होती, गोगी आईच्या कडेवरून शांतपणे बघत होती. दोन मिनिटं लागली असतील. तीन आठवड्यांचं काम.

व्याही कुत्र्यांवर ओरडले नाहीत. ते पुढे गेले, वाकले आणि फाटलेल्या कडेवरून बोट फिरवत गेले.

"शिवण धरलीय," ते म्हणाले.

मग त्यांनी वर पाहिलं, आणि सुनेचा चेहरा बघितला.

"बाबा," लेक म्हणाली, "गोगी झोपली होती त्यावर. मी नाही ठेवू शकत इथं मुलींना. मला नाही जमणार."

"नकोच. बरोबर आहे तुझं."

त्यांनी पोतं आणलं आणि फोम गोळा करायला बसले. लेक आत गेली, मुलींचे हातपाय धुवायला. मी जिंकले होते. मनात आलं, मुली बुधवारी माझ्याकडे येतील, आधी गाद्यांना ऊन दाखवायला हवं. पाणी प्यायला म्हणून दुकानातून जात होते, तर मागून व्याही आत आले. मी रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे होते, त्यांनी मला पाहिलं नाही. त्यांनी ऑर्डरींच्या खिळ्यावरून भिंगरीचा कागद काढला, नीट सरळ केला आणि पलीकडच्या खिळ्याला अडकवला. त्या खिळ्याच्या वर भिंतीवर त्यांनी खडूनं लिहिलेलं आहे, "परत आलेला माल." तो खिळा मी तेरा वर्षं बघतेय. त्यावर कधी काही नसायचं.

मला त्यांची दया आली असं कोणी समजू नये. मला राग आला. जिंकायचंच असेल तर माणसानं आपल्या जोरावर जिंकावं. मी कुत्र्याच्या दातांनी जिंकले होते, आणि गुरुवारी गप्प बसून.

"व्याही," मी म्हटलं. ते दचकले. "सोफ्याच्या पोटात तुम्ही ते काळे लवचिक पट्टे आडवेउभे ताणून बसवता, ते कशाला?"

"माणूस बसला की खाली जावा आणि उठला की जागा वर यावी, म्हणून."

"मग तेच का नाही विणले त्या कड्यात?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना बनियनवर रस्त्यात फिरायला सांगतेय.

"ते आतलं काम आहे."

"असेल. मग?"

"आतलं काम उघड्यावर ठेवतात का कोणी? ते झाकायचं असतं. बघणारा म्हणेल, सीटवाल्यानं गादी अर्धवट सोडली."

"कोण बघणारा? अंगणाला भिंत आहे. आत दोन कुत्रे आणि तुम्ही."

"मला दिसेल ना."

"मग डोळे मिटून घ्या. पट्टे जवळजवळ विणा, बोट जाणार नाही असे. हवा खालीवर होईल, पोरगी वर उडेल, पण फार नाही. माझ्या लेकीला तेच पाहिजे. आणि हे दोघे पट्ट्यांना तोंड लावणार नाहीत. त्यांनी तीन सीटा खाल्ल्या, त्यात पट्टे खाल्लेत का?"

ते विचारात पडले. "नाही," ते म्हणाले. "पट्टे तसेच होते."

मग त्यांनी चष्मा काढला.

"हे तुम्हाला गुरुवारीच कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग बोललात का नाही?"

"मुली माझ्याकडे याव्यात म्हणून."

त्यांनी बराच वेळ चष्म्याची काच शर्टाला पुसली. इस्त्रीचा शर्ट.

"मीही नसतो बोललो," ते म्हणाले.

रविवार आणि सोमवार मी त्यांच्याकडे गेले. हौस म्हणून नाही. पट्टा ताणून बसवायचा तर दुसऱ्या टोकाला धरणारं कोणीतरी लागतं, आणि या माणसाचं कोणाशी पटेल तर शपथ. आधी त्यांनी जाड कॅनव्हासची गोल पट्टी केली, तिला लोखंडी कड्या शिवल्या, कड्यांत स्प्रिंगांचे आकडे. मग एक एक पट्टा. एक वरून, एक खालून. मी एका बाजूला टाचा रोवून उभी, ते दुसऱ्या बाजूला.

"ओढा."

"ओढतेच आहे."

"ही ओढ झाली? अंगठ्याला दोरा गुंडाळल्यासारखं धरलंय."

"मग तुम्ही या इकडे, मी तिकडे शिवते."

"तुमच्या टाक्यानं पोरगी शेजारच्या अंगणात जाईल."

हातातला पट्टा सोडून दिला असता तर नेमका त्यांच्या नाकावर बसला असता. दोन वेळा तसं मनात आलं. पण अर्धं विणून झालं होतं.

त्या दोन दिवसांत कुत्र्यांचंही मला कळलं. रविवारी सकाळी ते बांधलेले होते आणि भिंतीचा गिलावा खात होते. मी म्हटलं, सोडा त्यांना. व्याही म्हणाले, दुकान खातील. मी मधलं दार लावून घेतलं आणि सोडले. तासभर ते त्या कड्याभोवती गोल गोल धावले, मग कड्याखालून, मग आमच्या पायांतून. त्यानंतर सावलीत जे पडले ते दुपारपर्यंत. गिलाव्याला कोणी तोंड लावलं नाही.

"हे वाईट नाहीत," मी व्याह्यांना म्हटलं. "रिकामे आहेत. त्यांना रोज दोन वेळा पळवा, मग बांधायला लागणार नाहीत. एवढी अंगं, आणि दिवसभर एका जागी बसवलेली."

"मी अडुसष्ट वर्षांचा आहे. मी पळवू?"

"तुम्ही नाही. तुमच्याकडे एक भिंगरी येणार आहे ना?"

येणार आहे, असं मी म्हणून गेले. म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. ते खाली बघून टाका घालत होते, पण त्यांचा हात थांबला होता.

सोमवारी संध्याकाळी लेकीला फोनही मीच केला, कारण व्याही सुनेकडे दुसऱ्यांदा काही मागणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हटलं, उद्या मुलींना घेऊन ये.

"कशाला? बघून झालं ना आई?"

"ये म्हटलं ना. आणि साडी नको, पंजाबी घालून ये."

मंगळवारी ती आली. अंगणात ते काळं, उघडंवाघडं जाळं ताणलेलं. व्याही बाजूला उभे, नजर खाली. अंगावर कपडे नसल्यासारखे अवघडलेले. कुत्रे सकाळी पळवून आणलेले, शेजारणीच्या मुलीला सोबत घेऊन. भिंतीच्या सावलीत पालथे.

लेकीनं चपला काढल्या आणि मुलींना मागे ठेवून आधी स्वतः वर चढली. हळूच उडाली. जाळं खाली गेलं आणि तिला वर घेऊन आलं. पुन्हा उडाली. माझी लेक, दोन पोरींची आई, ऑफिसात चार माणसं तिला घाबरतात. ती गुडघे वर घेऊन उडाली आणि तोंडावर हात ठेवून हसली. धसका उठला, जाळ्याला एकदा नाक लावलं, शिंकला आणि परत जाऊन पडला. मग ती खाली वाकून प्रत्येक आकडा हातानं ओढून बघत गेली, पूर्ण गोल. व्याही तिच्या मागून चालत होते. एकही आकडा हलला नाही.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "पण कुत्रे सुटे असताना मोठं माणूस अंगणात पाहिजे. आणि उड्या मारताना कुत्रा जाळ्यावर नको, एका वेळी एकच मुलगी. आणि बाबा, खिडक्या."

"उघड्या," व्याही म्हणाले.

"आणि गोगीला दूध…"

"कळलं. लिहून दे."

तिनं लिहून दिलं. तो कागद त्यांनी खिळ्याला लावला. कुठल्या खिळ्याला ते मी बघायला गेले नाही.

आता मोठं माणूस अंगणात पाहिजे म्हटल्यावर, आणि व्याह्यांना दुकान असल्यावर, ते मोठं माणूस कोण हे सांगायला नको. मी रोज दोन बस बदलून जाते. सकाळी भिंगरी हिसक्याचा पट्टा धरून गल्ली पालथी घालते, म्हणजे तोच तिला नेतो. ती परत येते तेव्हा दोघांच्याही जिभा बाहेर असतात. धसका गोगीसोबत चालतो, कारण तिच्यापेक्षा हळू चालणारं त्याला आयुष्यात कोणी भेटलं नव्हतं, आणि एवढा दांडगा कुत्रा तिच्या चालीनं चालता चालता दर दहा पावलांवर खाली बसतो. दुपारी मुली उडतात, कुत्रे कड्याभोवती गोल फिरून भुंकतात, आणि व्याही दर पंधरा मिनिटांनी दुकानातून येऊन आकडे मोजून जातात. एकदाही चांगलं झालंय असं म्हणाले नाहीत. त्यांना अजून ते अर्धवटच दिसतं.

काल पंधरावा दिवस. लेकीचा फोन आला, उरलेले आठ दिवस मुली कुठं राहणार? तिनं फोन स्पीकरवर टाकायला सांगितला.

"इथंच," भिंगरी वरून म्हणाली, म्हणजे उडीच्या वरच्या टोकावरून.

"इथंच," गोगी म्हणाली, खूप वेळानं.

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. बसण्याकडे नाही, तोंडाकडे. मग फोनकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, चार दिवस विहीणबाईंकडे पाठव. त्यांच्याही घरी मुलं पाहिजेत."

मला अस्सा राग आला. मला काय हे मुली वाटून देणार? माझ्याच नाती, माझ्याच सल्ल्यानं विणलेलं जाळं, आणि दानशूर कोण, तर सीटवाले. तोंडावर म्हणणार होते, ठेवा तुमचे चार दिवस तुमच्याजवळ, आणि तिथून तडक उठून निघणार होते. पण धसका माझ्या दोन्ही पायांवर आडवा पडून घोरत होता, आणि एवढं ओझं बाजूला सारायचं तर व्याह्यांनाच हाक मारावी लागली असती.